चाकांवरचं घर आणि सीमेवरचा रस्ता



मी लेखक नाही आणि गिर्यारोहकही नाही. नाशिकला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं, तीस-बत्तीस वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. हात मोकळे झाल्यावर मी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, आत दोघांना झोपायला फळी, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं बसवून घेतलं, आरटीओत बदलाची रीतसर नोंद केली आणि सौ.ला घेऊन हिंडायला लागलो. अशा गाडीला कॅरॅव्हान म्हणतात. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे रुळला. कोकण झालं, गोवा झालं, की प्रत्येक कॅरॅव्हानवाल्याच्या डोक्यात पुढचं नाव एकच असतं, लडाख. आम्ही चार उन्हाळे तिकडे गाडी नेली आहे. त्यामुळे ओळखीचे-बिनओळखीचे लोक फोन करून विचारतात, ‘काका, एवढी मोठी गाडी वर जाते का हो?’

जाते. तिथं मालाचे दहाचाकी ट्रक जातात, आपली का नाही जाणार? अवघड प्रश्न निराळाच आहे, आणि तो संध्याकाळी पाचला सुरू होतो. हॉटेलात उतरणारा माणूस अंधार पडायच्या आत वस्तीत पोचतो, कारण त्याला छप्पर हवं असतं. कॅरॅव्हानवाल्याचं छप्पर त्याच्याबरोबर असतं. गॅस आहे, गादी आहे, रग आहेत. म्हणून तो वस्तीपासून लांब, उंचावर, एकटा थांबू शकतो. या गाडीची सगळी मौज याच्यात आहे आणि सगळा धोकाही याच्यातच आहे. आज मला बोलायचंय ते या मुक्कामाबद्दल.

आधी तो रस्ता कोणाचा आहे ते बघू. सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, ७ मे १९६० ला स्थापन झाली. लडाखमधलं तिचं काम बघणारा ‘हिमांक’ प्रकल्प १९८५चा. पिवळ्या पाट्यांवर गमतीदार वाक्यं लिहिणारे ते हेच लोक. त्यांनी हे रस्ते केले ते चौक्यांवर रेशन, रॉकेल आणि दारूगोळा पोचावा म्हणून. बर्फ सुरू व्हायच्या आत सहा-सात महिन्यांची बेगमी वर न्यायची असते. गावांना रस्ता मिळाला आणि आपल्याला सहल मिळाली, हे त्याच्या पोटात आलेलं. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

लेहला रस्त्यानं जायच्या दोन जुन्या वाटा. श्रीनगरहून साधारण चारशेवीस किलोमीटर, मनालीहून त्याहून थोडं जास्त. मनालीच्या बाजूला ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगची चढण वाचली. मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा तिसरा रस्ताही जोडला गेला. पण तो साडेसोळा हजार फुटांवरच्या शिंकू ला खिंडीतून जातो. तिथं बोगद्याचं काम सुरू झालंय. तोवर मोठ्या गाडीनं त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. आमचा नेम असा, की जाताना श्रीनगर आणि येताना मनाली. श्रीनगरकडून गेलं की कारगिलला पावणेनऊ हजार फुटांवर मुक्काम पडतो, मग लेह साडेअकरा हजारांवर. शरीर पायरी पायरीनं चढतं. मनालीकडून गेलात तर दुसऱ्याच रात्री तुम्ही सरचूला, चौदा हजार फुटांवर असता. तिथं मोकळं मैदान आहे, नदी आहे, गाडी लावायला झकास जागा आहे. नवख्या माणसाला खाली उतरवावं लागतं ते बहुतेक वेळा याच मुक्कामावरून.

झकास जागेचीच गोष्ट सांगतो. चांग ला खिंड उतरताना एका वळणाच्या पुढे रस्ता एकदम रुंद झाला. दरीच्या बाजूला सपाट, समोर बर्फाचे डोंगर. चहापुरती गाडी बाजूला घेतली. सौ.नं आधण ठेवलं तेवढ्यात खालून एक जवान चालत आला. नंबरप्लेट बघितली, आणि चक्क मराठीत म्हणाला, ‘काका, एमएच पंधरा म्हणजे नाशिकचं ना तुमी? रातच्याला हितं नका ऱ्हाऊ बरं का.’ पोरगा साताऱ्याकडचा. आम्ही म्हटलं, बाळा, चहा घेऊन निघतोच आहोत, तूही घे. चहा पिता पिता त्यानं सांगितलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ‘काका, ही जागा थांबाया न्हाई केल्याली. रस्ता एका गाडीचा. वरून-खालून दोन ट्रक आले की एकानं हितं बाजूला व्हायचं. पहाटं कानवाय येतीय, पन्नास-साठ गाड्या. तुमी हितं झोपला तर कानवाय घाटात अडकतीय. अंधारात म्हागं कोण घेणार?’ मग त्यानंच सुचवलं, खाली गावात जा, गोबाला विचारा. गोबा म्हणजे तिकडचा गावप्रमुख, आपल्या पोलीस-पाटलासारखा. गोबा शाळेच्या मैदानात लावू देतो किंवा कुणाच्या तरी शेताच्या कडेला.

तेव्हापासून मी सपाट जागा दिसली की आधी विचारतो, ही सपाट का आहे? पहाडात सपाटी फुकट मिळत नाही. कुणी तरी कशासाठी तरी केलेली असते, नाहीतर पाण्यानं केलेली असते. ट्रक बाजूला घ्यायची जागा असेल, दगडांना चुना लावलेला असेल तर हेलिकॉप्टर उतरायची असेल. तारेचं कुंपण आणि त्यावर लाल त्रिकोणी पाटी असेल तर आत सुरुंग पेरलेले आहेत, तिथं लघवीलासुद्धा रस्ता सोडून जाऊ नये.

पाण्यानं केलेली सपाटी सगळ्यात फसवी. उघड्या डोंगरातून एखादी घळ खाली येते, तिच्या तोंडाशी रेती-गोट्यांचा पंख्यासारखा पसारा असतो. कोरडा ठणठणीत. गाडी लावावी, खुर्च्या टाकाव्यात, असं वाटतं. पण तो पसारा आला कुठून? त्या घळीतून, चिखल होऊन. लेहला वर्षभरात पडून पडून चार इंच पाऊस पडतो. आमच्या इगतपुरीत एखाद्या जोराच्या दिवशी तेवढा होतो. त्याच लेहमध्ये ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटी झाली. डोंगरावर झाड नाही, माती धरून ठेवायला काही नाही. चिखल आणि दगडांचे लोंढे लेहच्या बसस्टँडवर, चोगलमसर वस्तीवर येऊन कोसळले. दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि बहुतेक झोपेत होती. म्हणून मुक्काम घळीच्या तोंडाशी नाही, नदीच्या पात्रात नाही आणि ताज्या दरडीखाली नाही. जुनी घरं कुठं बांधलीत ते बघावं. लोकांनी तिथं शे-दोनशे वर्षं विचार करून जागा निवडलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंची. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. दिवसा खिंड ओलांडून पुन्हा खाली आलात तर चालतं. रात्र कुठं काढता ते मोजायचं. लेहला निदान दोन रात्री काहीही न करता पडून राहायचं. आम्ही तीन राहतो. हे सगळं लोकांना तोंडपाठ असतं. पण कॅरॅव्हानमध्ये एक वेगळीच गंमत होते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

२०१९ चा जुलै. पँगाँग सरोवराच्या काठी स्पांगमिक गावात एका आजीच्या शेताजवळ आमची गाडी होती. तिकडे आईला ‘आमा-ले’ म्हणतात. शेजारी दुसऱ्या राज्यातलं एक जोडपं, आमच्याहून मोठी, नवीकोरी कॅरॅव्हान. आत हीटर, टीव्ही, सगळं. मनालीहून आले होते, लेहला एकच रात्र काढून इकडे. संध्याकाळी त्या गृहस्थांना कोरडा खोकला लागला. वय असेल चाळिशीच्या आत. रात्री साडेदहाला त्या बाई आमच्याकडे आल्या त्या हळद मागायला. दुधात घालून देते म्हणाल्या, गारठा बाधलाय, सकाळी बरं वाटेल. सौ. बरोबर गेली आणि लगेच मला हाक मारली. गृहस्थ उशीला टेकून बसलेले. आडवं पडलं की दम लागतो म्हणाले. ओठ निळसर. छातीत घुरघुर मला दारातून ऐकू आली.

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आत ऊब होती, मऊ अंथरूण होतं, आपल्या घरची भांडी होती. घरात माणूस आजारी पडला की आपण काय करतो? काढा देतो आणि सकाळी बघू म्हणतो. त्या चार भिंतींमुळे त्यांना आपण चौदा हजार फुटांवर आहोत हेच जाणवत नव्हतं. फुप्फुसात पाणी भरत होतं, आणि त्याला सकाळपर्यंत वेळ नसतो.

आमा-लेनं एकदा बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत, मुलाला उठवलं. मुलगा बोलेरो घेऊन आला. त्यांची कॅरॅव्हान तशीच राहिली. ती अंधारात फर्लांगभर मागे घ्यावी लागली असती आणि बाईंना ती चालवता येत नव्हती. मी विचारलं, थेट लेहला नेऊ या का? मुलगा म्हणाला, नाही. लेहच्या वाटेवर चांग ला आहे, साडेसतरा हजार फूट. म्हणजे उतरायच्या आधी ह्यांना अजून साडेतीन हजार फूट चढवायचं, तेही ऑक्सिजनशिवाय. त्यानं गाडी तांगत्सेला घेतली. तिथं लष्कराच्या डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिजन लावला, सकाळी रुग्णवाहिकेतून ऑक्सिजनसकट खिंड ओलांडून लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात पाठवलं. गृहस्थ वाचले, विमानानं घरी गेले. त्यांची गाडी स्पांगमिकला नऊ दिवस उभी होती, भाऊ येऊन घेऊन गेला.

त्या पोरानं मला नकाशा वाचायला शिकवलं असं म्हणा ना. आपण किलोमीटर बघतो. पँगाँग लेहपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, हानले अडीचशे. वाटतं पँगाँग जवळ, म्हणून सुरक्षित. पण हानलेहून निघालात की सिंधू नदी धरून न्योमा, माहे, उपशी करत लेहपर्यंत उतरत येता, मध्ये मोठी खिंड नाही. पँगाँगहून निघालात की आधी चढायचं. एक वाट श्योक नदीच्या काठानं खाली नुब्रात उतरते, पण उन्हाळ्यात पाणी वाढलं की ती तुटते. तर मुक्कामाची जागा ठरवताना बोट ठेवून बघावं, इथून रात्री खाली जायचं झालं तर आधी वर जावं लागेल का? जावं लागणार असेल तर आधीच्या रात्री चांगल्या गेलेल्या असल्या पाहिजेत, आणि कुणालाही डोकेदुखी, मळमळ असेल तर त्या दिवशी पुढे जायचंच नाही.

दुसरी गोष्ट, गाडी दोघांना चालवता आली पाहिजे. सौ.नं पंचावन्नाव्या वर्षी ही गाडी शिकून घेतली. साडेसात टनांच्या आतल्या गाडीला साधा हलक्या वाहनाचा परवाना चालतो. रिव्हर्स ती माझ्यापेक्षा चांगला घेते. हे मी रेडिओवर सांगतोय, घरी कबूल करत नाही. आणि झोपण्यापूर्वी गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवायचं, रात्री वळवत बसायला लागू नये.

शेगडीबद्दल गॅरेजवाला म्हणून दोन शब्द. बंद गाडीत गॅस पेटवून ऊब घेत झोपणं म्हणजे मरण बोलावणं आहे. विरळ हवेत जळण नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं ते आपण उंचीच्या खात्यावर टाकतो. इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपण्यातही तोच धोका, बर्फात सायलेन्सर बुजला तर अधिकच. स्वयंपाक झाला की शेगडी बंद, सिलिंडरचा कॉक बंद, खिडकीला चार बोटं फट. या वायूचा भोंगा बाजारात मिळतो, तो लावल्याशिवाय आमच्या गॅरेजमधून कॅरॅव्हान बाहेर पडत नाही. ऊब मिळवायची ती रगानं आणि गरम पाण्याच्या पिशवीनं. छोट्या डब्यांमधला ब्युटेन गॅस शून्याच्या खाली वायूच होत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये. आणि डाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या नादी लागू नये. तिथं पाणी शहाऐंशी अंशांना उकळतं. कुकर न्या, नाहीतर पिठलं करा.

गाडीचं थोडक्यात सांगतो. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक दाबून ठेवायचा नाही; चार टनांच्या गाडीचे लायनर तापले की पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. जॅक आणि त्याच्याखाली ठेवायला फळी, टोचन करायला दोर, दोन स्टेपन्या. लष्कराचा ताफा दिसला की पहिली रुंद जागा गाठून थांबायचं आणि शेवटची गाडी जाऊ द्यायची. हिवाळ्यात कॅरॅव्हान नेऊच नका. साधं डिझेल त्या थंडीत गोठतं. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल लडाखसाठी काढलं ते काही उगाच नाही.

रस्त्यात आडवे येणारे नाले सकाळी ओलांडायचे. बर्फ दिवसभर वितळतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला कमरेएवढं होतं. पँगाँगच्या वाटेवरच्या एकाला लोकांनी ‘पागल नाला’ असंच नाव ठेवलंय. दुपारी पोचलात आणि ट्रकवाले थांबलेले दिसले तर तुम्हीही थांबा, चहा करा, त्यांनाही द्या. ते जेव्हा जातील तेव्हा त्यांच्या मागे जायचं.

आता सीमेचे कायदे. कुठं जाता येतं आणि कुठं नाही हे तिथं सतत बदलतं. तुर्तुक गाव १९७१ च्या युद्धात आपल्याकडे आलं, पर्यटकांना खुलं झालं २०१० मध्ये. मे २०२० मध्ये चीनशी संघर्ष उभा राहिला तेव्हा पँगाँग बंद झालं आणि २०२१ च्या जानेवारीत पुन्हा उघडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय पर्यटकांसाठी इनर लाइन परवान्याची अट काढली, तरी शुल्क, नोंदणी आणि काही टोकाच्या भागांची परवानगी यांचे नियम बदलत असतात. मे २०२५ मध्ये लेहचा विमानतळ नागरी विमानांना काही दिवस बंद होता. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी लेहमध्ये जाऊन विचारायचं. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राला नाही. डिझेलची टाकी अर्धी झाली की भरायची आणि आठवड्याचा शिधा जास्तीचा ठेवायचा. रस्ता बंद झाला तर सीमेवरच्या गावात आपण खाणारं तोंड होऊन बसू नये.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड घ्या. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, परदेशातल्या मुलानं प्रेमानं पाठवलेलं उपग्रहावरून संदेश देणारं यंत्रसुद्धा त्यात येतं. पूल, चौक्या, बंकर यांचे फोटो नाहीत, ड्रोन तर नाहीच. रात्री गाडीबाहेरचे दिवे बंद. हानलेला तर त्याचं दुसरंही कारण आहे. तिथं मोठी दुर्बीण आहे आणि २०२२ मध्ये तो भाग अंधाराचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आपण दिव्याची माळ लावून बसलो की गावातली मुलं येऊन नम्रपणे सांगतात, जुले, दिवा बंद करा. बंद केला की आकाश दिसतं, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी चौकीवरच्या वहीबद्दल. आडबाजूच्या चौकीवर नाव, गाडीचा नंबर, माणसं किती, मुक्काम कुठं, परत कधी, असं लिहून घेतात. लोक घाईत काहीतरी खरडतात. मी सावकाश, देवनागरी आणि रोमन दोन्हीत लिहितो, रक्तगट लिहितो, आणि मुक्कामाच्या गावाचं नाव त्या जवानाकडून वाचून घेतो. परतीच्या वाटेवर फाटक उघडं असलं तरी तिथं थांबायचं, उतरायचं आणि आपल्या नावापुढे परत आल्याची खूण करून घ्यायची. एकदा आम्ही ठरल्यापेक्षा पाच तास उशिरा पोचलो, रात्री नऊला. जवान गमबूट चढवून, बॅटरी घेऊन फाटकापाशी उभा होता. म्हणाला, ‘मावशी, मी आत्ता निघणारच होतो.’ सौ.नं डब्यातले उरलेले शंकरपाळे त्याला काढून दिले.